मेजावरून माळरानावर

निसर्ग छायाचित्रणावर पोट भरता येते, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पहिल्यांदा दिसून आले. हा व्यवसाय उभा करणारी माणसे मात्र रानात राहणारी नव्हती. कोणी पुस्तक प्रकाशनाच्या कचेरीत होते, कोणी वकील, कोणी प्रयोगशाळेतले डॉक्टर, कोणी संस्थानातले नोकरदार, तर कोणी अर्थतज्ज्ञ. गुराखी, शिकारी आणि वनरक्षक यांना रान अधिक कळत होते. पण कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि प्रवास यांचा खर्च पगारदाराला किंवा घरच्या श्रीमंतालाच झेपत असे, आणि पाहिलेले लिहून छापून आणण्याची वाटही त्यालाच ठाऊक असे. त्यामुळे या क्षेत्राचा इतिहास बराचसा मेज सोडलेल्या माणसांचा आहे. त्यांपैकी पाच जणांची उदाहरणे काळाच्या क्रमाने पाहिली, की नोकरी सोडताना काय बरोबर येते, मधल्या वर्षांचा खर्च कोण उचलतो आणि सोडण्याआधी किती काळ जातो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळतात.

प्रकाशकाची कचेरी आणि पोकळ बैल

रिचर्ड कीर्टन (जन्म १८६२) आणि चेरी कीर्टन (जन्म १८७१) हे भाऊ इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात, थ्वेट नावाच्या खेड्यात वाढले. आजूबाजूला मेंढ्यांची कुरणे आणि मोकळा डोंगराळ माळ. लहानपणी झालेल्या इजेमुळे रिचर्ड जन्मभर लंगडत चालत. शिकारीसाठी आलेल्या एका लंडनकर प्रकाशकापुढे त्यांनी ग्राउस पक्ष्याचा आवाज हुबेहूब काढून दाखवला आणि त्यातून कॅसल या प्रकाशनसंस्थेत त्यांची वर्णी लागली, असे सांगितले जाते. १८८२ मध्ये ते कॅसलमध्ये रुजू झाले. पुढे चेरीही तिथेच लागले.

१० एप्रिल १८९२ रोजी लंडनजवळ एनफिल्ड येथे चेरी यांनी साँग थ्रश या पक्ष्याच्या एका घरट्याचे, आतल्या अंड्यांसह, छायाचित्र घेतले. छायाचित्र साधेच होते, पण रिचर्ड यांची नजर प्रकाशनसंस्थेत तयार झालेली होती. पक्ष्यांची पुस्तके तोवर चित्रकारांच्या रेखाटनांवर चालत. घरटे जिथे आहे तिथेच टिपलेली छायाचित्रे घालून पुस्तक काढले तर ते खपेल, हे त्यांनी ओळखले. त्यातून १८९५ मध्ये ‘ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स’ हे पुस्तक निघाले. रिचर्ड यांनी लिहावे आणि चेरी यांनी छायाचित्रे काढावीत, अशी वाटणी ठरली.

त्या काळच्या कॅमेऱ्याला दूरचे टिपता येत नसे. पक्ष्याच्या अगदी जवळ जावे लागे आणि त्यासाठी लपायला आडोसा लागे. या भावांनी कड्यांवरून दोर सोडून घरटी गाठली, गवताचे ढीग आणि नकली खडक उभारले. १९०० च्या सुमारास तर त्यांनी बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून आतून पोकळ बैल तयार करवून घेतला आणि त्याच्या पोटात उभे राहून छायाचित्रे काढली. आज पक्षी छायाचित्रकार ज्याला ‘हाइड’ म्हणतात, त्याची ही पूर्वपिढी.

१८९८ मध्ये रिचर्ड यांनी कॅसलची नोकरी सोडली. त्यानंतर त्यांचा चरितार्थ पुस्तकांवर आणि मॅजिक लँटर्नच्या साहाय्याने गावोगाव दिलेल्या व्याख्यानांवर चालला. चेरी चलच्चित्रांकडे वळले आणि १९०९ मध्ये आफ्रिकेत थिओडोर रूझवेल्ट यांच्या सफरीचे चित्रीकरण करून आले. नोकरी सोडेपर्यंत रिचर्ड यांच्या हाताशी छापलेली पुस्तके आणि ठरलेला वाचक होता. कोणते पुस्तक कोणत्या किमतीला कोण विकत घेतो, हे ज्ञान त्यांना कचेरीनेच दिले होते.

वकिलाच्या होडीतला दिवा

जॉर्ज शायरस तिसरे (१८५९–१९४२) हे अमेरिकेतील पिट्सबर्गचे वकील. वडील सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. शायरस स्वतः १९०३ ते १९०५ या काळात अमेरिकन काँग्रेसचे सदस्य होते. लहानपणापासून त्यांच्या सुट्ट्या मिशिगन राज्यात, लेक सुपीरिअरजवळच्या जंगलात जात. तिथले ओजिब्वे आदिवासी रात्री होडीच्या नाळेवर जाळ पेटवून शिकार करत. उजेडाने दिपलेले हरीण जागीच उभे राही. शायरस यांनी तीच युक्ती उचलली आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला. दिव्याच्या उजेडात डोळे चमकले, की ते मॅग्नेशियमच्या भुकटीचा झगमगाट करून प्लेट उघडत. नंतर त्यांनी वाटेवर दोरी ताणून ठेवण्याची पद्धत बसवली. प्राण्याचा पाय लागताच फ्लॅश उडे आणि छायाचित्र निघे. जंगलात आज बसवल्या जाणाऱ्या कॅमेरा ट्रॅपचा हा उगम.

‘नॅशनल जिओग्राफिक’ मासिकाने जुलै १९०६ च्या अंकात त्यांची ७४ छायाचित्रे छापली. भूगोलाच्या गंभीर नियतकालिकाचे चित्रांचे पुस्तक करून टाकले, असे म्हणून संस्थेच्या संचालक मंडळातील दोन सदस्यांनी राजीनामे दिले. वाचकांनी मात्र अंक उचलून धरला आणि मासिकाची पुढची दिशा ठरली.

शायरस यांची वकिली कॅमेऱ्याआड कधीच गेली नाही. स्थलांतर करणारा पक्षी एका राज्यात संरक्षित आणि शेजारच्या राज्यात मारायला मोकळा, अशी त्यावेळची स्थिती होती. या पक्ष्यांचे संरक्षण केंद्र सरकारकडे असावे, असे विधेयक त्यांनी १९०४ मध्ये मांडले. ते लगेच संमत झाले नाही, पण त्याच विचारातून १९१३ चा कायदा आणि पुढे १९१८ चा स्थलांतरित पक्षी करार कायदा आला. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या सुमारे २,४०० काचेच्या निगेटिव्ह नॅशनल जिओग्राफिक सोसायटीला देऊन टाकल्या.

दोरीची ही पद्धत भारतातही पोचली. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी ती वापरून शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलात रात्री फिरणारे वाघ टिपले आणि १९२७ मध्ये ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. चॅम्पियन यांनी नोकरी सोडली नाही. त्यांचे मेजच जंगलात होते.

प्रयोगशाळेतून आलेले रंग

एलियट पोर्टर (१९०१–१९९०) हार्वर्डमध्ये रासायनिक अभियांत्रिकी शिकले, मग डॉक्टर झाले आणि तिथेच जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. छायाचित्रे ते लहानपणापासून काढत. न्यूयॉर्कमधील आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हे त्या काळातील छायाचित्रकलेचे सर्वांत कडक परीक्षक. पोर्टर त्यांना अनेक वर्षे छायाचित्रे दाखवत राहिले आणि अजून मेहनत घ्या, एवढेच उत्तर घेऊन परतत राहिले. अखेर डिसेंबर १९३८ मध्ये स्टिग्लिट्झ यांनी आपल्या ‘अ‍ॅन अमेरिकन प्लेस’ या दालनात त्यांचे प्रदर्शन लावले. १९३९ मध्ये पोर्टर यांनी हार्वर्ड सोडले.

त्यांना पक्ष्यांचे पुस्तक काढायचे होते. कृष्णधवल छायाचित्रांत जाती ओळखू येत नाहीत, अशी अडचण प्रकाशकाकडून पुढे आली. रंगीत फिल्म नुकतीच बाजारात आली होती आणि कलावंत मंडळी तिला जाहिरातीची गोष्ट समजत. रसायनशास्त्र शिकलेल्या पोर्टर यांना तिची भीती नव्हती. डाय-ट्रान्सफर ही मुद्रणाची किचकट पद्धत त्यांनी आत्मसात केली. तिच्यात एका छायाचित्राचे तीन रंगांत विभाजन करून प्रत्येक रंग वेगळ्या साच्यातून कागदावर उतरवावा लागतो. तापमान आणि वेळ अचूक सांभाळावी लागते, म्हणजे प्रयोगशाळेतच शिकलेले काम. १९४१ आणि १९४६ मध्ये त्यांना पक्षी छायाचित्रणासाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली.

तरीही मोठे नाव व्हायला १९६२ उजाडले. सिएरा क्लब या संस्थेने त्यांची छायाचित्रे आणि हेन्री डेव्हिड थोरो यांचा मजकूर एकत्र करून ‘इन वाइल्डनेस इज द प्रिझर्व्हेशन ऑफ द वर्ल्ड’ हे पुस्तक काढले. त्याचे यश पाहून पुढच्या वर्षी ग्लेन कॅन्यनवरचे पुस्तक निघाले. कोलोरॅडो नदीवरील ती दरी धरणाच्या पाण्याखाली जात होती. धरणाचे दरवाजे १९६३ मध्ये बंद झाले, त्याच वर्षी पुस्तक बाजारात आले. दरी वाचली नाही, पण अमेरिकेतील पुढच्या धरणविरोधी मोहिमांच्या हाती एक नमुना आला. नोकरी सोडल्यापासून या पुस्तकापर्यंत २३ वर्षे गेली. एवढा काळ पोर्टर यांना निभावता आला, कारण त्यांच्या घरी वाडवडिलांची संपत्ती होती.

संदूरचा कारभार आणि पाक्षिक सदर

भारतातील पहिले ठळक उदाहरण म्हणजे एम. कृष्णन (१९१२–१९९६). त्यांचे वडील ए. माधवय्या हे तमिळ कादंबरीचे एक आद्य लेखक. मिठाच्या खात्यातली सरकारी नोकरी लवकर सोडून त्यांनी छापखाना आणि मासिक काढले होते. लेखणीसाठी खुर्ची सोडण्याची रीत घरात आधीपासून होती. मात्र वडील १९२५ मध्ये वारले तेव्हा कृष्णन तेरा वर्षांचे होते.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकले, नंतर कायद्याची पदवीही घेतली. काही काळ छापखाना, आकाशवाणी अशा नोकऱ्या करून १९४२ मध्ये ते संदूर संस्थानात गेले. बळ्ळारीजवळचे हे छोटे संस्थान मराठ्यांचे; तिथे घोरपडे घराण्याचे राज्य होते. कृष्णन यांनी तिथे शिक्षक, न्यायाधीश, प्रसिद्धी अधिकारी आणि महाराजांचे राजकीय सचिव अशी निरनिराळी कामे केली. हाताखालच्या फायली संपल्या की संदूरच्या टेकड्यांत भटकणे, मेंढ्या चारणे आणि कबुतरे पाळणे चाले. याच घराण्यातील एम. वाय. घोरपडे पुढे कर्नाटकचे अर्थमंत्री झाले आणि वन्यजीव छायाचित्रकार म्हणूनही नावाजले गेले; ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे त्यांचे पुस्तक.

१९४९ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि कृष्णन यांचे पद संपले. दुसरी नोकरी मिळण्याइतके शिक्षण आणि अनुभव गाठीला असूनही त्यांनी ती घेतली नाही. मद्रासला परतून लेखन आणि छायाचित्रणावर राहायचे ठरवले. १९५० मध्ये कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’ या दैनिकात ‘कंट्री नोटबुक’ हे पाक्षिक सदर सुरू झाले. ते ४६ वर्षे चालले. १८ फेब्रुवारी १९९६ रोजी कृष्णन यांचे निधन झाले आणि शेवटचा लेख त्याच दिवशीच्या अंकात आला.

या सदराचे विषय पाहण्यासारखे आहेत. वाघ आणि हत्ती त्यात होतेच. पण खार, कावळा, पाल, सुगरण, गावाबाहेरचे गाढव आणि अंगणातली वेल यांनाही तितकीच जागा मिळे. दर पंधरवड्याला रानात जाऊन येण्याइतका पैसा नव्हता. त्यामुळे घराभोवती दिसेल ते बारकाईने पाहणे आणि त्यावर वाचनीय मजकूर उभा करणे भाग होते. अडचणीतून आलेली ही सवय त्यांच्या लेखनाची ओळख ठरली. शोभेसाठी परदेशी झाडे लावण्याच्या सरकारी हौसेला त्यांनी सातत्याने विरोध केला आणि देशी झाडांची बाजू मांडली. युक्तिवाद वकिलाचा आणि पुरावा वनस्पतिशास्त्रज्ञाचा, असा या लेखांचा बाज असे.

छायाचित्रांत त्यांनी कृष्णधवल माध्यम शेवटपर्यंत सोडले नाही. महागड्या साधनांच्या जागी निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून त्यांनी स्वतःचे अवजड यंत्र तयार केले होते आणि त्याला गमतीने ‘सुपर पाँडेरोसा’ असे नाव दिले होते. मुदुमलईच्या जंगलात पाळीव हत्तीच्या पाठीवर बसून ते रानहत्तींच्या कळपाजवळ जात. प्राण्याची एकट्याची तसबीर काढण्यापेक्षा तो कोणत्या झाडोऱ्यात कसा वावरतो हे दाखवणे त्यांना महत्त्वाचे वाटे. १९६८ मध्ये मिळालेल्या जवाहरलाल नेहरू फेलोशिपच्या आधाराने त्यांनी द्वीपकल्पीय भारतातील मोठ्या सस्तन प्राण्यांची पाहणी केली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ती १९७५ मध्ये पुस्तकरूपाने काढली.

कॉफीच्या आकड्यांकडून झाडांकडे

सेबॅस्टिआओ सालगादो (१९४४–२०२५) यांचा जन्म ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातील आयमोरेस येथे, गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी झाला. अर्थशास्त्रात साओ पावलो येथे पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर लष्करी राजवटीच्या काळात, १९६९ मध्ये, ते पत्नी लेलिया यांच्यासह पॅरिसला गेले. लेलिया वास्तुकला शिकत होत्या. इमारतींच्या अभ्यासासाठी त्यांनी १९७० मध्ये एक पेंटॅक्स कॅमेरा विकत घेतला आणि तोच सालगादो यांच्या हाती आला. १९७१ मध्ये त्यांना लंडनच्या आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरी लागली. आफ्रिकेतील शेती प्रकल्पांसाठी दौरे होत, अहवाल लिहावे लागत. दौऱ्यावरून परतताना छायाचित्रे अहवालापेक्षा अधिक समाधान देतात, असे त्यांच्या लक्षात आले. १९७३ मध्ये त्यांनी ही चांगल्या पगाराची नोकरी सोडली.

सुरुवात निसर्गापासून झाली नाही. वृत्तसंस्थांसाठी मिळेल ते काम त्यांनी केले. सिग्मा, गामा आणि १९७९ पासून मॅग्नम या संस्थांत त्यांनी वीस वर्षे काढली. १९८१ मध्ये रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा ते तिथे हजर होते. त्या छायाचित्रांच्या विक्रीतून स्वतःच्या दीर्घ प्रकल्पांना पैसा मिळाला. १९९३ चे ‘वर्कर्स’ हे पुस्तक पाहिले तर मागचा अर्थशास्त्रज्ञ सहज ओळखू येतो. ऊस, चहा, कोको, तंबाखू, कोळसा, पोलाद, तेल, अशा उत्पादनाच्या शाखांप्रमाणे पुस्तकाची मांडणी आहे. धनबादच्या खाणींतले मजूर आणि राजस्थान कालव्यावर राबणाऱ्या बायका त्यात आहेत. त्यानंतरचे ‘एक्झोडस’ हे स्थलांतरावरचे काम. १९९५ मध्ये त्यांनी मुंबईत टिपलेले चर्चगेट स्थानकावरचे छायाचित्र त्यातलेच. दोन्ही बाजूंना लोकल उभ्या आणि मधे फलाटभर माणसांचा लोंढा.

रवांडातील १९९४ चा नरसंहार पाहून परतल्यावर सालगादो शरीराने आणि मनाने खचले. ते ब्राझीलमधल्या वडिलांच्या शेतावर आले. लहानपणचे जंगल नाहीसे झाले होते, माती वाहून गेली होती, झरे आटले होते. तिथे पुन्हा जंगल उभे करावे, ही कल्पना लेलिया यांची. १९९८ मध्ये दोघांनी ‘इन्स्टिट्यूटो टेरा’ ही संस्था स्थापन केली आणि पुढच्या वर्षी लागवड सुरू झाली. सुमारे ७०० हेक्टरच्या त्या उजाड जमिनीवर अटलांटिक जंगलातल्या मूळ जाती लावल्या गेल्या. पुढे हे काम आसपासच्या शेतांवर आणि झऱ्यांवर पसरले. वीस लाखांहून अधिक झाडे लागली, पक्षी आणि प्राणी परतले.

झाडे उभी राहताना पाहून त्यांना निसर्गाकडे वळावेसे वाटले. २००४ मध्ये गालापागोस बेटांपासून ‘जेनेसिस’ हा त्यांचा छायाचित्र प्रकल्प सुरू झाला. आठ वर्षांत तीसहून अधिक प्रवास झाले. अंटार्क्टिका, सायबेरिया, अ‍ॅमेझॉन, आफ्रिका, इंडोनेशिया. २०१३ मध्ये पुस्तक निघाले आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये प्रदर्शन लागले. पुस्तकांची आणि प्रदर्शनांची मांडणी लेलिया यांची होती. १९९४ मध्ये दोघांनी मिळून काढलेली ‘अ‍ॅमेझोनास इमेजेस’ ही संस्था सगळा व्यवहार पाहत असे.

त्यांच्यावर टीकाही झाली. दुःखाची छायाचित्रे इतकी देखणी असावीत का, असा प्रश्न अनेकांनी विचारला. लेखिका सुझन साँटॅग यांनी २००३ च्या ‘रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स’ या पुस्तकात चित्रओळींमध्ये माणसांची नावे नसल्याकडे बोट दाखवले. व्हाले या खाण कंपनीचे प्रायोजकत्व स्वीकारल्याबद्दलही आक्षेप घेतला गेला. ज्या डोसे नदीच्या खोऱ्यात त्यांची झाडे वाढत होती, त्याच खोऱ्यात नोव्हेंबर २०१५ मध्ये खाणीच्या गाळाचे धरण फुटले आणि १९ माणसे मेली. धरण ज्या कंपनीचे होते तिच्यात व्हालेची भागीदारी होती. निसर्गकथनाला पैसा कोण देतो, या प्रश्नातून सालगादोंइतका नामवंत माणूसही सुटला नाही.

२३ मे २०२५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. २०१० मध्ये ‘जेनेसिस’च्या कामावर असताना इंडोनेशियात झालेल्या मलेरियाच्या गुंतागुंतीतून ल्युकेमिया झाला, असे कुटुंबीयांनी सांगितले.

नोकरी सांभाळून

निसर्गकथनासाठी नोकरी सोडावीच लागते असे नाही. मराठीतले उत्तम रानलेखन नोकरीत राहिलेल्या माणसांनी केले आहे. व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीवर होते. ‘नागझिरा’ आणि ‘जंगलातील दिवस’ ही त्यांची पुस्तके आणि त्यांनी काढलेली रेखाटने रानात सलग काढलेल्या थोड्या दिवसांतून आली. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यात कित्येक वर्षे काढली. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’ या पुस्तकांमागे गोंड, माडिया आणि पारधी यांच्याकडून जमवलेले शब्दभांडार आहे. या दोघांकडे लेखणी होती आणि लेखणीला वेळ लागतो तो पहाटेचा किंवा रात्रीचा. छायाचित्राला मात्र प्रकाश लागतो आणि प्रकाश कचेरीच्या वेळेत असतो. राजीनाम्याचा प्रश्न लेखकापेक्षा छायाचित्रकारापुढे लवकर उभा राहतो, तो यामुळे.

आजची वाट

डिजिटल कॅमेरा आल्यापासून ही वाट रुंद झाली. भारतात तिचा ओघ विशेषतः बंगळुरूच्या सॉफ्टवेअर क्षेत्रातून आला. याहू कंपनीत काम केलेले कल्याण वर्मा हे त्यांतील ओळखीचे नाव. त्यांनी आणि अमोघवर्ष यांनी दिग्दर्शित केलेला ‘वाइल्ड कर्नाटक’ हा माहितीपट जानेवारी २०२० मध्ये चित्रपटगृहांत लागला. निवेदन डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचे होते.

वाट रुंद झाली तशी गर्दीही झाली. ताडोब्याच्या एखाद्या पाणवठ्यावर वाघीण आली की दहा जिप्सी उभ्या राहतात आणि सगळ्यांच्या कॅमेऱ्यांत जवळजवळ तेच छायाचित्र जाते. भिगवणला रोहित आले की मच्छिमारांच्या होड्या छायाचित्रकारांनी भरतात. सुटे छायाचित्र विकून घर चालवणे त्यामुळे अवघड झाले आहे. उत्पन्न येते ते कार्यशाळा आणि सहली, संस्थांसाठी केलेले दस्तऐवजीकरण, माहितीपट, व्याख्याने आणि पुस्तके यांतून. हे सगळे मार्ग बोलण्याचे, लिहिण्याचे आणि माणसे सांभाळण्याचे आहेत.

कथन सुट्या छायाचित्रापेक्षा वेगळे असते ते मांडणीमुळे. आधी भूभाग दाखवणारे विस्तृत दृश्य, मग प्राण्याचे त्याच्या परिसरातले वर्तन, मग चोच, पंजा, बी असे बारकावे, मग त्या जागेशी जगणे बांधलेली माणसे आणि शेवटी तिथे होत असलेला बदल, अशी शृंखला संपादक मागतात. माळढोकाचे एकटे छायाचित्र सुंदर दिसते. त्याच्याबरोबर गवताळ माळ, तिथे मेंढ्या चारणारे धनगर, माळावरून गेलेल्या वीजतारा आणि त्यांना धडकून मेलेला पक्षी आले, की वाचकाला माळढोक का संपत चालला हे कळते. अशी मालिका एका सहलीत होत नाही. एकाच जागी अनेक ऋतू जावे लागते.

मेजावरचे कामही संपत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना लागतो आणि तो देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाकडे असतो. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो. करारपत्र न वाचता काम घेणाऱ्याचे छायाचित्र हातातून जाते ते याच कलमामुळे. त्याशिवाय हजारो फाइलींची नावानिशी नोंद, अचूक चित्रओळी आणि जमाखर्च आहेतच.

काही बंधने कायद्यापलीकडची आहेत. घरट्यासमोरच्या फांद्या तोडून वाट मोकळी केली तर पिल्ले ऊन आणि कावळ्यांच्या तोंडी जातात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज पुनःपुन्हा वाजवला तर तो आपल्या हद्दीत शत्रू शिरला असे समजून खाणे सोडून हाकलायला धावतो. शिकारी पक्ष्यांना आमिष टाकले तर ती सवय लागते. दुर्मीळ प्राण्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमावर जाहीर केले तर तिथे गर्दी आणि कधी शिकारीही पोचतात. घरट्यांच्या छायाचित्रांनी सुरू झालेल्या या कलेत आज अनेक स्पर्धा आणि मंडळे घरट्यांची छायाचित्रे स्वीकारत नाहीत.

पाच जणांचा हिशेब

मधल्या वर्षांचा खर्च कसा भागला, याची उत्तरे वेगवेगळी आहेत. रिचर्ड कीर्टन यांना पुस्तके आणि व्याख्यानांनी तारले. शायरस आणि पोर्टर यांच्यामागे घरची श्रीमंती होती. कृष्णन यांनी गरजा कमी ठेवल्या आणि पंधरवड्याचे सदर एकदाही हलके मानले नाही. सालगादोंना वृत्तसंस्थांच्या कामाने आणि लेलिया यांच्या व्यवस्थापनाने उभे केले. केवळ छायाचित्रांच्या विक्रीवर पाचांतला एकही जगला नाही.

बरोबर काय आले, याचे उत्तर मात्र सगळीकडे सारखे आहे. प्रकाशनाची जाण, कायद्याचे कलम, रसायनाचे माप, वकिली युक्तिवाद आणि अर्थशास्त्राची वर्गवारी, अशी जुन्या मेजावरची विद्याच प्रत्येकाच्या कामाला आकार देऊन गेली. त्यांच्या समकालीनांत तितकीच चांगली छायाचित्रे काढणारे इतरही होते; या पाच जणांना वेगळेपण दिले ते या विद्येने.

घाई कोणीच केली नव्हती. कीर्टन यांचे पहिले छायाचित्र आणि राजीनामा यांत सहा वर्षांचे अंतर आहे. शायरस यांनी १८८९ च्या सुमारास प्राण्यांची छायाचित्रे काढायला सुरुवात केली आणि पंधरा-सोळा वर्षे वकिली व राजकारण सांभाळून ती काढली. पोर्टर अनेक वर्षे स्टिग्लिट्झ यांच्या दालनात हेलपाटे घालत होते. कृष्णन संदूरला जाण्याआधीपासून नियतकालिकांत लिहीत होते. सर्वांत लवकर खुर्ची सोडली ती सालगादो यांनी. कॅमेरा हाती आल्यापासून त्यांना तीन वर्षे लागली आणि पूर्णपणे निसर्गाकडे वळायला त्यानंतर आणखी एकतीस.